पांढरी लव

लग्न होऊन ती त्याच्या घरी राहायला आली, तेव्हा सामानात कपड्यांच्या दोन बॅगा होत्या आणि दगडांची सात खोकी. शेवटचं खोकं उतरवून हमालाने कंबर धरली आणि विचारलं, "वहिनी, माहेरची भिंत पाडून आणलीत का हो?" सासूबाईंनी नाक मुरडलं. नवरा मात्र खोकी उघडून बघत बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "यांना कपाट लागेल. ऊन चालतं का यांना?" दगडांना ऊन सोसतं की नाही याची चौकशी करणारा माणूस तिने तोवर पाहिला नव्हता. त्या एका प्रश्नावर तिने त्याला मनातल्या मनात जे काही देऊन टाकलं, ते पुढे कधीच परत मागितलं नाही.

ती संग्रहालयाच्या खनिज विभागात होती. दगडातलं खनिज कुठलं ते ओळखायचं, त्याचे गुणधर्म तपासायचे, त्याला त्याच्या कुळात नेऊन बसवायचं आणि खाली चिठ्ठी लावायची, हे तिचं काम. तो दंतवैद्यांना कवळ्या आणि दातांच्या टोप्या घडवून द्यायचा. "एक दगड फोडणार, दुसरा दात बसवणार, तुमच्याकडे जेवायला यायची भीतीच वाटते," असं मित्रमंडळी म्हणायची. तो तिला दगडूबाई म्हणे, ती त्याला कवळीवाले. चारचौघांत मात्र अहो आणि अगं, पण ते लोकांसाठी.

मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि घर खायला उठलं. रविवार तर सरता सरेना. दोघं वर्तमानपत्राची पानं एकमेकांना देत-घेत बसायची, तिसऱ्यांदा चहा व्हायचा आणि तरी घड्याळात अकराच वाजलेले असायचे. त्याच सुमारास काळ्या दगडाच्या एका खाणीत सुरुंग लावल्यावर एक मोठी पोकळी उघडी पडली आणि तिच्यातले स्फटिक पेट्या भरभरून संग्रहालयात आले. सहा कोनांच्या पातळ, काचेसारख्या चकत्या, एकीला एक टेकून उभ्या. या खनिजाचं नाव लेविन. पण खरी गंमत लेविनची नव्हती. प्रत्येक चकतीच्या दोन्ही अंगांवर पांढरी, रेशमी लव उगवलेली होती, आणि ही लव म्हणजे दुसरंच एक दुर्मीळ खनिज होतं.

संग्रहालयात साफसफाईला ना माणूस होता, ना जागा. साहेबांना विचारून ती काही नमुने घरी घेऊन आली. काही चकत्यांवरची लव जशीच्या तशी ठेवून फक्त खाणीची धूळ काढायची होती, काहींवरची लव उतरवून आतली चकती दाखवायची होती. "तुमचा एखादा बारका ब्रश द्या," ती म्हणाली. ती पहिली चकती कशी हाताळते ते त्याने मिनिटभर पाहिलं, आणि त्याच्याने राहवेना.

"दगडूबाई, तुझा हात हातोडीचा. ऊठ तिथून. हे माझं काम आहे."

पण लवेला हात लावू देण्याआधी तिने ती तपासायचं ठरवलं. अशा बाबतीत ती डोळ्यांत तेल घालून वागणारी बाई होती. का तपासायचं, हे तिने त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून समजावलं.

"सगळ्या सिलिकेटांची वीट एकच. मधे सिलिकॉन, भोवती चार ऑक्सिजन. विटा सुट्या राहिल्या की एक वर्ग. रांगेत जोडल्या की दुसरा. पत्र्यासारख्या पसरल्या की तिसरा. चहूबाजूंनी गुंफल्या की चौथा."

"म्हणजे आधी एकटा सुळा, मग दातांची ओळ आणि शेवटी अख्खी कवळी."

"पत्रा राहिला."

"पत्र्याचे दात मी करत नाही," तो म्हणाला. "पुढे बोल."

लव चौथ्या वर्गातली होती. त्यातही पोटात बारीक पोकळ्या आणि पोकळ्यांत पाणी धरून ठेवणाऱ्या कुळातली. इथवर सगळं सोपं होतं. पण त्या कुळात दोन जुळ्या बहिणी आहेत, एक ऑफ्रेटाइट आणि दुसरी एरिओनाइट. दोघी पांढऱ्या, दोघी तंतूंच्या, दोघींच्या अंगात जवळजवळ तीच मूलद्रव्यं. फरक फक्त थर एकावर एक कसे रचले याचा. एकीत दर तीन थरांनी तोच क्रम पुन्हा सुरू होतो, दुसरीत दर सहा थरांनी. ऐकणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा फरकाने कुणाचं काय बिघडतं? पण एरिओनाइटचे तंतू श्वासावाटे आत गेले की छातीत रुतून बसतात आणि पुष्कळ वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणाला कर्करोग होतो, हे तोवर सिद्ध झालेलं होतं. ऑफ्रेटाइटवर असा ठपका कुणी ठेवला नव्हता.

ओळखायची रीत देखणी आहे. सूक्ष्मदर्शकात एक खास काच सरकवली की सगळं दृश्य जांभळट गुलाबी होतं. मग तंतू एका ठरावीक दिशेला वळवून ठेवायचा. निळा दिसला तर एरिओनाइट, पिवळा दिसला तर ऑफ्रेटाइट. नमुना घेतानाही तिने आपण शिकलेलं सगळं पाळलं. हाताळलेला, धूळ बसलेला भाग घ्यायचा नाही. आत, मुळाशी, जिथे कुणाचं बोट पोचलेलं नाही, तिथला ताजा, स्वच्छ तुकडा घ्यायचा. तिने चकतीला चिकटलेली लवेची मुळं चिमट्याने उचलली आणि काचेखाली ठेवली. पिवळी. पुन्हा दुसऱ्या चकतीवरची. पिवळी. क्ष-किरणांनीही तेच सांगितलं. तिने नवऱ्याला मुद्दाम संग्रहालयात नेऊन दाखवलं. एक डोळा मिटून त्याने आत पाहिलं आणि म्हणाला, "झकास! सोन्याच्या टोपीसारखा रंग आहे."

त्यानंतरचे रविवार म्हणजे त्यांच्या संसारातले सगळ्यात सुखाचे दिवस. हे ती पुढेही कधी नाकारू शकली नाही, आणि दुखायचं ते तिथेच दुखायचं. सकाळी चहा झाला की टेबलावर कागद पसरायचा. तो डोळ्याला भिंग लावायचा, चकतीवर असा वाकायचा की नाक टेकतंय की काय वाटावं, आणि मेण कोरायच्या कोरणीने, मऊ ब्रशने, रबरी फुग्याच्या फुस्स फुस्स वाऱ्याने एकेक स्फटिक उजळून काढायचा. ती समोर बसून चिठ्ठ्या लिहायची. उन्हाच्या तिरिपेत लव तरंगत राहायची आणि त्याच्या मिशीवर उतरायची. "कवळीवाले, मिशी पिकली," ती म्हणायची. "तुझ्या संगतीत आणखी काय होणार!" तो म्हणायचा आणि मिशी झटकायचा. मग दोघं उगाचच हसत सुटायची. मुलगी सुट्टीला आली की म्हणे, "मी नसताना तुम्ही दोघं फारच मजेत असता बुवा!" तिला थोडा हेवा वाटायचा.

त्या पेट्या संपल्या. उतरवलेली लव, सगळी धूळ म्हणून, केरात गेली. सगळ्यात देखणा नमुना संग्रहालयाने तिला निवृत्तीच्या दिवशी भेट दिला. तो बाहेरच्या खोलीत काचेच्या झाकणाखाली विराजमान झाला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "हा मी साफ केलाय" असं सांगायचा एकही मोका त्याने सोडला नाही.

मग एका हिवाळ्यात त्याला जिना चढताना धाप लागायला लागली. आधी वय म्हणून सोडून दिलं, मग सर्दी म्हणून. छातीत पाणी झालंय असं कळलं तेव्हा पाणी काढलं, ते पुन्हा झालं. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग निघाला, आणि तोही पुढे गेलेला.

डॉक्टर तरुण होते, पण बोलताना डोळे चुकवणारे नव्हते. त्यांनी विचारलं, "कधी ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलंय? फार पूर्वी का असेना?"

"केलंय की," तो ताडकन म्हणाला. "शिकाऊ होतो तेव्हा. दाताची टोपी ओतायला धातूचं कडं असतं ना, त्याच्या आतून ॲस्बेस्टॉसची पट्टी लावायचो. हातानेच फाडायचो. पुढे ते बंद झालं, पण वर्षभर तरी केलंय."

"आणखी काही? तंतू असलेली कुठलीही धूळ?"

"नाही. बाकी काही नाही."

तो फार पटकन नाही म्हणाला. जे तिच्या मनात आलं होतं ते त्याच्याही मनात येऊन गेलं होतं, आणि त्याने ते दारातूनच परत पाठवलं होतं.

घरी येईपर्यंत दोघं रस्त्यातल्या खड्ड्यांविषयी बोलत होती. रात्रीचं जेवण उरकलं, भांडी झाली, आणि मग ती म्हणाली, "ती लव मी पुन्हा तपासते."

"कशाला?"

"मी मुळाशी घेतला होता नमुना. दोन्ही वेळा मुळाशीच."

"मग? स्वच्छ जागेचाच घ्यायचा असतो असं तूच सांगायचीस."

"त्यानंतर लोकांनी लिहिलंय. एकाच तंतूत दोन्ही सापडू शकतात म्हणून. एक संपतं आणि त्याच्यावरच दुसरं वाढायला लागतं. मी वाचलं होतं ते. पण ते दुसऱ्या कुणाच्या दगडांबद्दल होतं. आपल्या दगडांबद्दल असेल असं माझ्या मनातही आलं नाही."

त्याने खुर्ची जवळ ओढली. तेवढ्यानेही त्याला दम लागला.

"हे बघ. मला माझ्या धंद्याने धरलंय. डॉक्टरांनी लिहूनही घेतलं. आता तपासून काय होणार? मी बरा होणार का?"

"नाही."

"मग? पिवळं निघालं तर ठीक. निळं निघालं तर तू काय करशील? मी असेन तोवर मी समजूत काढीन. नंतर कोण काढणार? या घरात एकटी बसून तू स्वतःला कुरतडत राहशील. मी ओळखत नाही का तुला? नको तपासूस. माझं एवढं ऐक."

ती हो म्हणाली. आणि तिने ऐकलं नाही. जन्मभर ज्या बाईने एकही दगड "काहीतरी असेल" म्हणून ठेवून दिला नाही, तिला हा एक दगड ठेवून देता आला नाही. रोज त्याची कूस बदलताना, त्याच्या पाठीची हाडं हाताला लागताना तिला एकच दिसायचं, उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी लव. शेवटी शेजारणीला घरी बसवून, बँकेत जाते असं सांगून, भेटीच्या नमुन्यातून सुटलेली, कपाटात जपून ठेवलेली एक चकती डबीत घालून ती संग्रहालयात गेली.

आता विभागाचा प्रमुख तिचाच एक जुना विद्यार्थी होता. डबीतली लव पाहिली आणि तो दचकलाच. "मॅडम, ही उघड्यावर नको. थांबा." त्याने तिला मुखपट्टी दिली, हातमोजे दिले, हवा आतल्या आत ओढून घेणाऱ्या बंद काचेच्या पेटीत डबी ठेवली आणि मगच झाकण काढलं. ती ही सगळी तयारी बघत राहिली. मिशीवर लव घेऊन हसणारा माणूस तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

या वेळी तिने मूळ आणि टोक वेगळं केलं नाही. अख्खा तंतू, मुळापासून शेंड्यापर्यंत, काचेवर आडवा ठेवला. जांभळट गुलाबी दृश्यात तो तिने हळूहळू सरकवत नेला. मुळाशी पिवळा. थोडं पुढे पिवळा फिका झाला, मग मधे कुठलाच रंग उरला नाही, आणि तिथून पुढे शेंड्यापर्यंत तो निळा होता. बारीक, सरळ, स्वच्छ निळा. तिने दुसरा तंतू ठेवला. मग तिसरा. सगळे तसेच.

तिचं तेव्हाही काही चुकलं नव्हतं, हे तिला कळत होतं. शिकवलेलं सगळं तिने अगदी बरोबर केलं होतं. स्वच्छ भाग तपासला आणि मळका भाग टाकून दिला. फक्त तो टाकून दिलेला भागच त्याने ब्रशने उडवला होता, रविवारमागून रविवार, नाक टेकेल एवढ्या जवळून. मुळं ब्रशला दाद देत नसत, उडायचे ते शेंडेच. मुळं अजून चकत्यांना धरून होती.

"मॅडम, क्ष-किरण पण करू या?" विद्यार्थ्याने विचारलं. तो काय समजायचं ते समजला होता.

"कर," ती म्हणाली. ते करायचंच असतं. निकाल तोच आला. विद्यार्थ्याने तिला पाणी दिलं. तिथे, जिथे तिने नवीन मुलांना चुका न करायला शिकवलं होतं, त्या टेबलावर डोकं टेकून ती ओक्साबोक्शी रडली. मग तोंड धुतलं, चष्मा पुसला आणि घरी गेली.

तो जागा होता. उशांच्या ढिगाला टेकून बसला होता, कारण आता त्याला आडवं पडवत नव्हतं. शेजारीण गेल्यावर त्याने विचारलं, "बँकेत एवढा वेळ?"

"गर्दी होती."

"तुझ्या गालावर मुखपट्टीच्या दोरीचा वळ आहे, दगडूबाई. बँकेत देतात का ती?"

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही. त्याने हात पुढे केला, ती शेजारी बसली, आणि त्याने हळूच विचारलं, "कुठला रंग?"

जन्मात तिने चुकीची चिठ्ठी कधी लावली नव्हती, निदान जाणूनबुजून तरी. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "पिवळा."

"मुळाशी?"

"मुळापासून शेंड्यापर्यंत."

त्याने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. आजवर तो तिची समजूत काढत होता, पण आत त्याचाही जीव टांगणीला लागलेला होता, हे तिला तेव्हा दिसलं. "मी म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला. "माझ्याच धंद्याने केलं. बरं झालं बाई, तू बघितलंस ते. आपले रविवार सुटले त्यातून." त्या दिवशी त्याने दोन घास जास्त खाल्ले. तिला वाटलं, खोटं बोलले ते चांगलंच केलं. हे ओझं मी एकटी वाहीन, त्यात काय मोठंसं? असंही तिला वाटलं, आणि वाटताना ते खरं वाटलं.

शनिवारी लेक आली, सोबत नात. नातीचं घरातलं नाव टिकली. आठ वर्षांची, पायाला भिंगरी आणि तोंडाला चाकं. आजोबांना नळ्या लागलेल्या बघून ती आधी दाराशीच घुटमळली. पण त्यांनी "ये गं, चावत नाही. दात मी दुसऱ्यांसाठी करतो," म्हटल्यावर ती फिस्सकन हसली आणि पलंगावर चढून बसली. तिच्या शाळेतली भांडणं ऐकून तो थकला, पण तिला उठू देईना. त्याचा पलंग आता बाहेरच्याच खोलीत हलवला होता. लेक त्याचे पाय चेपत होती. आजी स्वयंपाकघरात दूध तापवत होती, आणि तिथून तिला सगळं ऐकू येत होतं.

"टिकले, तुला एक वस्तू देणार आहे मी. माझ्याकडची सगळ्यात सुंदर."

"काय?"

"ते बघ, त्या काचेखाली. तो दगड मी साफ केलाय. माझ्या हाताने. तुझी आजी मला तोंड भरून शाबासकी देते ना कधी, तशी त्या दिवशी दिली होती. आता तो तुझा. जा, झाकण उचल आणि इकडे घेऊन ये. वर लव आहे बघ, मांजराच्या पिल्लासारखी. फुंकर मारली की हलते. दाखवतो तुला."

दुधाचं भांडं तिच्या हातून निसटलं. ती बाहेर धावली तेव्हा टिकलीने दोन्ही हातांनी काचेचं झाकण उचललेलं होतं आणि गाल फुगवले होते.

"नको! हात लावू नकोस!"

असा आवाज त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता. तिने पोरीला दंडाला धरून मागे खेचलं, इतक्या जोरात की पोर जमिनीवर आपटली. झाकण हिसकावून तिने जागच्या जागी दाबून बसवलं आणि दोन्ही तळवे त्यावर टेकवून, श्वास रोखून उभी राहिली. टिकलीने भोकाड पसरलं.

"आई, अगं काय हे! दगडासाठी?" लेक ओरडली.

"फुटला असता," ती म्हणाली. "हातातून पडून फुटला असता."

ते कुणाला पटणार होतं? लेकीने तिच्याकडे एकदा विचित्र नजरेने बघितलं, रडणाऱ्या पोरीला उचललं आणि तिला समजावत गच्चीवर घेऊन गेली. स्वयंपाकघरात दूध जमिनीवर पसरत होतं. तिने वळून पाहायचं टाळलं, पण किती वेळ टाळणार?

तो तिच्याकडेच बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. पायरीचा अंदाज चुकून पाय अधांतरी पडल्यावर माणूस दिसतो, तसा तो दिसत होता.

"निळा होता," तो म्हणाला.

तिने मान हलवली. पलंगाच्या कडेला बसून तिने त्याचा हात धरला आणि घडाघडा सांगून टाकलं. मूळ पिवळं होतं, शेंडे निळे. मी मूळच तपासलं. तुम्ही शेंडे उडवत होता. मला माफ करा म्हणायचंही तोंड नाही मला. तो ऐकत होता, पण तिच्या लक्षात आलं की ऐकता ऐकता तो मनात भलताच कसला तरी हिशोब करतोय.

"टिकलीने फुंकर मारली का?" त्याने विचारलं.

"नाही. नाही मारली. मी पाहिलं. त्याआधीच ओढलं तिला."

"नक्की?"

"नक्की."

"आणि लेक तेव्हा इथे नव्हती. सुट्टीला यायची तेवढीच. ती असताना आपण टेबलावर कागद पसरत नसू." तो थांबला, श्वास घेतला, पुन्हा थांबला. "आणि तू?"

"मी काय?"

"तू समोर बसायचीस. चिठ्ठ्या लिहीत. माझ्या अगदी समोर. मी फुगा दाबायचो तो तुझ्या बाजूला दाबायचो, माझ्या डोळ्यांत जायला नको म्हणून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तपासणीचा निकाल आल्यापासून, त्याच्याही आधीपासून, तिने अपराधाचा सगळा विचार केला होता. स्वतःच्या छातीचा विचार तिच्या मनाला एकदाही शिवला नव्हता.

"मला काही होत नाही," ती म्हणाली. "खोकलासुद्धा नाही."

"मलाही नव्हता."

आजार कळल्यापासून हा माणूस रडला नव्हता. डॉक्टरांसमोर नाही, सुया टोचताना नाही, रात्री तिला वाटायचं की झोपेत तरी रडत असेल, तर तेव्हाही नाही. आता त्याचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला.

"मी केलं गं," तो म्हणाला. "माझ्या हाताने उडवलं तुझ्या अंगावर."

"नाही हो. असं नका बोलू. तपासलं मी होतं, चुकलं माझं."

"उद्याच जा. छातीचा फोटो काढून घे."

"जाईन."

"उद्या नको, आजच जा. लेक आहे माझ्याजवळ. ऊठ, आत्ता जा."

"जाते," ती म्हणाली, पण उठली नाही. त्याने तिचा हात सोडला नव्हता. वर गच्चीवर टिकली आता हसत होती, आणि लेक तिला काहीतरी मोजून दाखवत होती. त्याला अजून रडायचं होतं, पण रडायला जो श्वास लागतो तोही त्याच्याकडे उरलेला नव्हता. ती त्याला मागून धरून बसली, आणि त्याचा आणि आपला असे दोन्ही श्वास कान देऊन ऐकत राहिली.